हातचं न राखणारी माणसं

2024 च्या सप्टेंबरमध्ये एका आईचं पत्र सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. पुण्यात मोठ्या लेखा कंपनीत लागलेली तिची तरुण मुलगी काही महिन्यांतच गेली होती. कामाच्या ओझ्याबद्दल आईने लिहिलं होतंच. पण अंत्यविधीला कंपनीतलं कुणीही फिरकलं नाही, हे वाचल्यापासून माझं मन थाऱ्यावर नाही. पुढे जानेवारीत आठवड्याला 90 तास कामाचा सल्ला देणारी एका उद्योगप्रमुखांची चित्रफीत आली.

‘पहिल्यापासून असंच आहे,’ असं तरुण मुलं म्हणतात. तसं नाही. गिरणी कामगारांचा रविवार 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी झगडून मिळवला, हे खरं. पण टाटांच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस 1912 मध्येच आला. कारखाना कायदा आला 1948 मध्ये. किर्लोस्करवाडीत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शिक्षा भोगून आलेल्यांच्या हाती रखवाली सोपवली. पुढची दशकं संप आणि करारांची. त्यांवर पुष्कळ लिहून झालंय.

मला सांगायचंय ते नव्वदच्या दशकाबद्दल. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात मी ते काढलं. 1991 नंतर स्पर्धा आली आणि पाठोपाठ व्हीआरएसचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे कागद. ज्याच्याकडे कसब, तो टिकेल, अशी हवा होती; त्यामुळे जो तो आपलं कसब लपवू लागला. हॉबिंग मशीनवर हेलिकल गिअर कापायचा तर चेंज गिअरचं किचकट गणित लागतं. ते ज्याच्या वहीत, त्याची वही कुलपात!

आमच्या फोरमनअण्णांची वही मात्र कायम मशीनशेजारी उघडी. ट्रेनी पोरं ती खुशाल उतरवून घेत. एकाने विचारलंच, “अण्णा, सगळं आम्हाला दिलंत तर तुम्हाला कोण ठेवणार?” अण्णा म्हणाले, “मी रजेवर गेलो तर जॉब काय तसाच पडू द्यायचा? ये इकडे, डायल बघ.” एका फिटरने फिक्श्चरमध्ये सुधारणा सुचवली, तर अहवालात अण्णांनी त्याचंच नाव घातलं, आणि वरून दबाव आला तरी खोडलं नाही. त्या पोरांपैकी काहींनी पुढे भोसरीत स्वतःची वर्कशॉप काढली.

दशक संपता संपता अण्णांनाही कागद मिळाला. नव्या व्यवस्थापनाने बेल कर्व्ह आणला: दरवर्षी काहीजण तळाला दाखवायचेच, काम सगळ्यांचं चोख असलं तरी. शेजाऱ्याला शिकवलं तर आपण खाली घसरणार, हे कळायला कुणाला वेळ लागला नाही. विचारायला आलेल्या पोरांना जुनी माणसं टाळू लागली. त्यातच एकाच मशीनवर उभ्या असलेल्या कायम आणि कंत्राटी कामगारांची कँटीनं वेगळी केली गेली. तो निर्णय घेणाऱ्यांना मी आजही माफ केलेलं नाही. माणसं मनाने कोती झाली नव्हती; कोतेपणाला बढती मिळू लागली होती.

मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये ही सक्तीची क्रमवारी मोडीत काढली. आपल्याकडे अनेक ठिकाणी ती अजून चालू आहे. कंपन्या चालवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: ती बंद करा, आणि येत्या मूल्यांकनाच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा. वर्षभरात तुम्ही कुणाला काय शिकवलंत? पहिला फॉर्म साहेबांनी भरावा.