तिरपा ठेवला तरी चौरसच

दुसरीतल्या भाचीसमोर पुठ्ठ्याचा चौरस ठेवला. "चौरस!" ती ताडकन म्हणाली. तोच तुकडा तिच्या डोळ्यांदेखत फिरवून कोपऱ्यावर उभा केला. "आता शंकरपाळं झालं न, मावशी."

गैरसमज : आकारांची नावं आली म्हणजे भूमिती आली.

वस्तुस्थिती : माणसाचा चेहरा ओळखावा तसं मूल आधी आकार ओळखतं, एकूण रूपावरून. पुस्तकातला चौरस बहुतेक वेळा आडव्या बाजूवर बसलेला असतो, म्हणून ते बसणंही त्याला चौरसाचाच भाग वाटतं. बाजू मोजाव्यात, कोपरा ताडून बघावा हे त्याला सुचतच नाही. पिअर व्हॅन हिले आणि डीना व्हॅन हिले-गेल्डोफ या डच शिक्षक दांपत्याने 1957 साली उट्रेख्त विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधांत या वाटचालीचे टप्पे मांडले. आधी रूप. मग गुणधर्म : चारही बाजू सारख्या, चारही काटकोन. त्यानंतर गुणधर्मांचं आपसातलं नातं, म्हणजे प्रत्येक चौरस हा आयतही असतो हे पटणं. बाई 'चौरस' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात गुणधर्म असतात, मुलाच्या मनात चित्र. शब्द एकच, पण बोलणं पोचत नाही. मग आपण मुलाला 'ढ' ठरवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

गैरसमज : वय वाढलं की समज आपोआप येते.

वस्तुस्थिती : नाही येत. व्हॅन हिले यांच्या मते पुढचा टप्पा वयापेक्षा शिकवण्यावर अवलंबून असतो. हायस्कुलातलं मूलही पहिल्याच टप्प्यावर अडकलेलं असू शकतं.

गैरसमज : व्याख्या घोकून घेतली की काम झालं.

वस्तुस्थिती : व्याख्या शेवटी यावी, आधी हात चालावेत. भाचीला चौरस कागद दिला. कोपऱ्यावर कोपरा ठेवून दोन घड्या, काठावर काठ ठेवून दोन. चारही वेळा अर्धा भाग अर्ध्यावर नेमका बसला. मग वहीचं पान दिलं. काठावर काठ जुळले, पण कर्णावर घडी घातली की दोन टोकं बाहेर. तिला वाटलं, घडीच चुकली. तीनदा घालून पाहिली. मग पान उलगडून दोन लगतच्या बाजू एकमेकींवर धरल्या आणि म्हणाली, "ही लांब आहे, म्हणून!"

हा दुसरा टप्पा, आणि तो तिचा तिने गाठला.

संक्रांत तोंडावर होती. नागपुरात या दिवसांत पतंग नाही असं घर विरळाच. कोपऱ्यात टेकवलेला पतंग तिने उचलला, सद्दीचा तुकडा तोडला आणि एकेक बाजू मापायला बसली.