पदवीधर उमेदवार चहा आणायला नसतो

कापडाचा धंदा आम्ही गादीवर बसून शिकलो. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा बी.कॉम. झालेला एक मुलगा उमेदवार म्हणून घेतला, आणि त्याला चहा आणायला, तागे मोजायला लावले. तीन महिन्यांत तो शेजारच्या पेढीत रिटर्न भरू लागला. चूक आमचीच.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ च्या दुरुस्तीने असे पदवीधरही आले. २०१९ पासून चार माणसांच्या पेढीलाही उमेदवार घेता येतो. तीस असतील तर घ्यावाच लागतो. विद्यावेतन मात्र द्यावे लागते, फुकट राबवणे नाही.

नव्या मुलाला आम्ही पहिल्याच दिवशी कापडाचा पन्हा अन् उधारीची वही दाखवली. आठवड्यात त्याने एका गिऱ्हाइकाला दोनदा दिलेला वटाव पकडला.