टोकन देण्याआधी जुन्या फ्लॅटची पाहणी

मुंबई-पुण्याकडे जुन्या फ्लॅटची बोलणी जुळली की टोकन दिले जाते, आणि त्यानंतर उघडकीस आलेला दोष बहुधा घेणाऱ्याच्याच गळ्यात पडतो. नव्या इमारतीत रेरा कायद्याचा आधार असतो. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर विकासकाने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. वीस-पंचवीस वर्षांच्या इमारतीत ती सोय उरलेली नसते. त्यामुळे किंमत बोलण्याआधीच पाहणी व्हायला हवी. ती होतेही, पण चुकीच्या जागी. दिवाणखान्यातली फरशी आणि स्वयंपाकघरातली कपाटे बघण्यात अर्धा तास जातो. ज्या खांबांवर सगळे उभे आहे, तिकडे कोणी फिरकत नाही. फ्लॅटबरोबर इमारतीच्या दुरुस्तीतला वाटाही विकत घेतला जातो, हे अशा वेळी लक्षात राहत नाही.

सुरुवात पार्किंगपासून करावी. घरातले खांब पुट्टी आणि रंगाखाली झाकलेले असतात. पार्किंगमधल्या खांबांवर सहसा कोणी एवढा खर्च करत नाही. तिथे खांबाच्या कडेजवळून वर चढत गेलेली उभी भेग शोधावी. भेगेतून तपकिरी ओघळ आलेला असेल, तर आतली सळई गंजते आहे असे समजावे. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असते आणि त्यामुळे सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत गेला की हे संरक्षण संपते. समुद्राकाठी खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड त्याच्याही आधी सळईपर्यंत पोहोचू शकतात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. म्हणून अशी भेग सळईच्या रेषेतच जाते. पुढे पोपडे सुटतात, गज उघडे पडतात. खांबावर हलकेच ठोकून पाहिले, तर चांगले काँक्रीट खणखणीत वाजते आणि सुटलेला थर बद्द वाजतो. जिन्याची खालची बाजू, छज्जे आणि गच्चीवरच्या टाकीचा तळही असाच पाहावा. एखाद्याच खांबाला नवा गिलावा दिसला, तर त्याचे कारण विचारावे. गंज साफ न करता वरून सिमेंट फासले असेल, तर आतला गंज वाढतच राहतो.

प्रत्येक भेग घातक नसते. गिलाव्यावरच्या केसाएवढ्या बारीक, जाळीदार भेगा गिलावा सुकताना पडतात. विटांची भिंत आणि बीम यांच्या सांध्यात जाणारी आडवी रेघही नेहमीचीच, कारण दोन्ही गोष्टी उन्हात सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. पण विटांमधून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारी तिरकी भेग, नाणे शिरेल इतकी रुंद फट किंवा अचानक घासू लागलेले दार दिसले, तर पाया खचला असण्याची शक्यता धरावी.

घरात कोणती भिंत पाडली, खांबाला किंवा बीमला कुठे हात लावला, हे स्पष्ट विचारावे; आणि हा प्रश्न खालच्या मजल्यांबद्दलही विचारावा. २०१७ च्या जुलैत घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावरच्या फेरबदलांत खांबांना धक्का लागल्याचा आरोप त्या वेळी झाला होता. दुकाने किंवा दवाखाने असलेल्या इमारतीत हा मुद्दा कधीच सोडू नये.

खांबांनंतर पाणी. घर पाहण्याचा उत्तम काळ म्हणजे भर पावसाळा, कारण नैर्ऋत्येच्या पावसाचा मारा खाणाऱ्या पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंती तेव्हा काही लपवत नाहीत. उन्हाळ्यात टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका प्रकाश टाकावा. समोरून सपाट दिसणाऱ्या भिंतीवरचे फुगवटे आणि क्षारांचे पांढरे डाग अशा उजेडात उठून दिसतात. एकाच कोपऱ्याला ताजा रंग किंवा फक्त बाथरूममध्ये नवे फॉल्स सीलिंग असेल, तर वरच्या बाथरूममधून पाणी झिरपत असल्याचा संशय घ्यावा आणि सीलिंगची झडप उघडून स्लॅब पाहावा. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला भेटणे फार उपयोगी पडते. या घराचे पाणी त्याच्या छतातून गळत असेल, तर त्याच्याइतके खरे दुसरे कोणी सांगणार नाही. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतावे. ते नहाणी ट्रॅपकडे न जाता कोपऱ्यात साचले, तर उतार चुकला आहे.

विजेचे थोडक्यात पाहता येते. मालकाच्या परवानगीने आरसीसीबीचे, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे, टेस्ट बटण दाबावे, वीज लगेच तुटली पाहिजे. असे उपकरण बोर्डावर नसेलच, तर ते बसवण्याचा खर्च धरावा. दारांच्या चौकटींवर वाळवीच्या मातीच्या नळ्या आहेत का, तेही बघावे.

उरलेली पाहणी सोसायटीच्या कार्यालयात होते. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी करायचे असते. मालकामार्फत शेवटचा अहवाल मागून इमारतीची श्रेणी पाहावी. मुंबईतल्या वर्गवारीत सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याची इमारत, सी-२ए रिकामी करून दुरुस्त करण्याची, सी-२बी रहिवासी राहत असताना मोठी दुरुस्ती करण्याची आणि सी-३ किरकोळ दुरुस्तीची. सभांचे इतिवृत्तही चाळावे, कारण गळतीची भांडणे तिथे तारखेनिशी नोंदलेली असतात. मोठी दुरुस्ती मंजूर झाली असेल, तर प्रत्येक सदस्याच्या वाट्याला किती रक्कम येणार आणि ती विकणारा भरणार की घेणारा, हे लेखी ठरवून घ्यावे. सिंकिंग फंड रिकामा असेल, तर पुढची वर्गणी मोठी असणार.

खांबात उभी भेग, उघडे गज किंवा पायाचा संशय यांपैकी काहीही आढळले, तर स्वतःच्या डोळ्यांवर थांबू नये. स्ट्रक्चरल इंजिनिअर रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणीने काँक्रीटची प्रत तपासतो, फिनॉल्फ्थलीन लावून कार्बन डायऑक्साइडचा परिणाम किती खोल पोहोचला ते पाहतो. खांब सर्वांच्या मालकीचे असल्याने या तपासणीला सोसायटीची परवानगी घ्यावी लागते. दुरुस्तीचा अंदाज हाती आला की तो किमतीतून वजा करून बोली लावावी. इमारत सी-१ निघाली, तर राहण्यासाठी तो फ्लॅट घेऊ नये.