अस्वलाने पोसलेले अरण्य

अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या अरण्यात, ओढ्यापासून शे-दोनशे पावले आत, स्प्रूस वृक्षांच्या बुंध्यांशी, शेवाळावर माशांचे जबडे, कल्ल्यांची हाडे आणि वाळलेले खवले पडलेले आढळतात. आणि जो मासा आपले बहुतेक वजन उत्तर पॅसिफिक महासागरात कमावतो त्याचे अवशेष इतक्या आत, चढावर, वृक्षांच्या मुळांशी कसे आले, या एका प्रश्नाच्या उत्तरात तेथील अस्वल, अरण्य, नदी आणि समुद्र यांच्या परस्परसंबंधाचे जवळजवळ सारे शास्त्र सामावलेले आहे. तपकिरी अस्वलाविषयी मिळेल ते वाचण्याचा आणि जमेल तेव्हा त्याच्या मुलखात जाऊन त्याला पाहण्याचा छंद मला जडून आता बराच काळ लोटला, आणि या छंदाच्या ओघात माझे ठाम मत असे बनले आहे की, या प्राण्याची थोरवी त्याच्या प्रचंड बळापेक्षा त्याने अर्धवट टाकून दिलेल्या भोजनात अधिक शोधावी.

आवश्यक तेवढी ओळख प्रथम करून देतो. स्कँडिनेव्हियापासून सैबेरिया, कामचात्का व होक्काइडोपर्यंत आणि पलीकडे अलास्का व पश्चिम कॅनडात या जातीचा विस्तार आहे. ग्रिझली म्हणतात तो तिचाच अंतर्भागातील प्रकार, आणि द्रास-लडाखकडील हिमालयी तपकिरी अस्वल ही तिचीच एक उपजाती. आपल्या विदर्भातील अस्वल मात्र निराळ्या जातीचे. ते वाळवी, मोहाची फुले व रानफळे यांवर गुजराण करते आणि शीतनिद्रा घेत नाही. डेनालीसारख्या अंतर्भागातील ग्रिझलीला मुळे, रानफळे, जमिनीतल्या खारी आणि मूस व कॅरिबू यांची नवजात पाडसे यांसाठी कोसच्या कोस हिंडावे लागते, म्हणून ते विरळ व अंगाने लहान. किनाऱ्यावरच्या अस्वलाला समुद्र घरपोच अन्न पाठवितो, म्हणून कोडियाक बेटावर सुमारे साडेतीन हजार आणि कॅटमाई उद्यानात सुमारे २,२०० अस्वले सुखाने नांदतात.

कॅटमाईचे नाव निघाले, तेव्हा त्याची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ६ जून १९१२ रोजी तेथे नोवारुप्ता ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि तो सुमारे साठ तास चालला. विसाव्या शतकातील एवढा मोठा उद्रेक दुसरा सांगता येत नाही. दीडशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या कोडियाकवर राखेचे थर साचले आणि भर दिवसा हातातला कंदील दिसेनासा झाला. उजाड झालेल्या भूमीवर वनस्पती पुन्हा कशा रुजतात हे पाहण्यासाठी रॉबर्ट ग्रिग्ज हे वनस्पतिशास्त्रज्ञ तेथे गेले. १९१६ साली त्यांना असंख्य वाफारे सोडणारे एक खोरे दिसले, त्याला त्यांनी ‘दहा हजार धुरांचे खोरे’ असे नाव दिले, आणि त्या अद्भुताच्या रक्षणार्थ १९१८ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी हा मुलूख संरक्षित असल्याचे फर्मान काढले. काही दशकांत बहुतेक धूर विझले. परंतु राखून ठेवलेल्या त्या भूमीत अस्वले वाढत गेली, आणि १९८० साली तिचे राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा जग तिला अस्वलांसाठी ओळखू लागले होते. एखाद्या भूमीचे सर्व उपयोग कळण्याची वाट न पाहता ती आधीच राखून ठेवावी, या मताला याहून सबळ दाखला मला ठाऊक नाही.

या अस्वलांचा जो आधार, तो सॉकाय जातीचा सॅमन मासा. नदीच्या वा सरोवराच्या वाळूगोट्यांत हा अंड्यातून बाहेर येतो, एक-दोन वर्षे गोड्या पाण्यात काढतो, मग समुद्रात उतरून दोन-तीन वर्षांत पुष्ट होतो, आणि अखेरीस ज्या प्रवाहात जन्मला त्याच प्रवाहात परत येतो. किनाऱ्याजवळ आल्यावर तो आपला प्रवाह पाण्याच्या गंधावरून ओळखतो, हे विस्कॉन्सिनच्या आर्थर हॅसलर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास प्रयोगांनी दाखवून दिले. नदीत शिरताच तो खाणे सोडतो, त्याचे अंग लाल व डोके हिरवट होते, आणि वीण संपताच तो मरतो. अलास्काच्याच ब्रिस्टल उपसागरात २०२२ साली असे सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकाय परतले. समुद्रात साठविलेले इतके मांस स्वतःच्या बळावर प्रवाहाविरुद्ध पोहत, पर्वतांच्या पायथ्याशी येऊन पोहोचते, याहून मोठा चमत्कार पृथ्वीच्या पाठीवर फारसा नसावा.

कॅटमाईतील ब्रूक्स नदी जेमतेम अडीच किलोमीटर लांबीची. दोन सरोवरांना ती जोडते आणि मध्यावर सुमारे सहा फुटांचा एक धबधबा आहे. पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने तेथे पोहोचताच प्रत्येक पाहुण्याला अस्वलाच्या शेजारी कसे वागावे याचा धडा वनरक्षक देतात, आणि मगच लाकडी मचाणाकडे जाऊ देतात. त्या मचाणावर उभे राहून मी जे पाहिले त्यात मला सर्वांत मोलाची वाटली ती अस्वलांची आपापसांतील व्यवस्था. एरवी एकांतात राहणारा हा प्राणी. पण येथे विपुलतेपुढे त्याने शेजार पत्करला आहे. धबधब्याखालचा उत्तम डोह सर्वांत दांडग्या नराच्या वहिवाटीचा. कोणी धबधब्याच्या माथ्यावर उभे राहून उडी घेणारा मासा जबड्यात झेलतो, कोणी पाण्यात डोके बुडवून तळ न्याहाळतो, कोणी दुसऱ्याच्या उष्ट्याची वाट पाहतो, तर पिल्लांची आई दांडग्या नरांच्या भीतीने पिल्लांना झाडावर चढवून मगच पाण्यात उतरते. मोठा नर भर हंगामात दिवसाला तीस-तीस मासे फस्त करतो. मात्र मासे मुबलक झाले की तो सबंध मासा खात नाही, केवळ मेंदू, त्वचा आणि मादीची गाभोळी, म्हणजे जिथे चरबी अधिक तेवढाच भाग, खाऊन उरलेला सोडून देतो.

प्रथमदर्शनी ही उधळपट्टी वाटते. माझ्या मते अरण्याच्या जमाखर्चात हाही एक भरणाच. दुबळी अस्वले व पिल्लांच्या माता आपली शिकार हिरावली जाऊ नये म्हणून मासा तोंडात धरून झाडीत शिरतात आणि तेथे निवांत बसून खातात. टाकलेल्या भागावर कुरव पक्षी, गरुड, कोल्हे व कावळे तुटून पडतात, माश्या अंडी घालतात, काही दिवसांत अळ्यांनी जागा बुजबुजते, त्या अळ्यांवर पक्षी जगतात, आणि उरलेला अंश पावसाबरोबर मातीत मुरतो. समुद्रातील नत्रात त्याचा जड समस्थानिक अधिक प्रमाणात असतो, त्यामुळे झाडाच्या पानांतला नत्र सागरातून आला की नाही हे प्रयोगशाळेत पारखता येते. हिल्डरब्रँड व सहकाऱ्यांनी केनाई द्वीपकल्पावर केलेल्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, प्रवाहापासून ५०० मीटरपर्यंतच्या स्प्रूस वृक्षांतील सुमारे १५ ते १८ टक्के नत्र सॅमनपासून आलेला होता, आणि त्यातील चार पंचमांशांहून अधिक वाटा अस्वलांनी पसरविलेला होता. त्यातही उष्ट्यापेक्षा अस्वलाच्या मूत्रातून जाणारा भाग फार मोठा. म्हणजे पोट भरून ते अरण्यात फिरले, एवढ्यानेही त्याचे काम होते. जे झाड वाकून प्रवाहावर सावली धरते आणि पाणी थंड राखते, तेच पुढे त्या माशांच्या पिल्लांना जगविते. असे हे वर्तुळ पुरे होते, आणि ते पुरे करणारा मुख्य घटक मला तरी अस्वल हाच वाटतो.

अर्थात अस्वल केवळ मत्स्याहारी नाही. वसंतात ते किनाऱ्याच्या पाणथळीत गुरांसारखे लव्हाळे चरते आणि ओहोटीच्या वेळी चिखलातून शिंपले उकरते. कोडियाकवर विल्यम डेसी व सहकाऱ्यांनी पाहिलेली गोष्ट तर फारच विचार करायला लावणारी आहे. २०१४ च्या उष्ण वर्षी तेथील लाल एल्डरबेरी लवकर पिकल्या आणि त्यांचा हंगाम सॅमनच्या हंगामाशी जुळला. तेव्हा ओढे माशांनी भरलेले असताना अस्वले ते सोडून डोंगरउतारावरची फळे खायला गेली. कारण असे की, वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात पाळलेल्या अस्वलांवरील प्रयोगांत, निवड करू दिल्यास अस्वल प्रथिनांचे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास राखते असे दिसून आले होते, आणि एल्डरबेरीचे प्रमाण, सुमारे १३ टक्के, त्याला माशापेक्षा कितीतरी जवळचे आहे. हवामानाने ऋतूंच्या तारखा हलविल्या की नाती कशी तुटतात, याचे हे उदाहरण. त्या वर्षी अरण्याच्या वाट्याचा मासा पाण्यातच राहिला.

शरदात साठविलेल्या चरबीवर अस्वल पाच ते सात महिने काढते. त्या काळात अन्न नाही, पाणी नाही, मलमूत्रविसर्ग नाही, हृदयाचे ठोके मिनिटाला दहा-पंधरांवर उतरलेले, आणि तरीही स्नायू व अस्थी बहुतांशी शाबूत. मादीच्या गर्भाशयात उन्हाळ्यातील मीलनानंतरचा गर्भ शरद संपेपर्यंत न रुजता थांबून राहतो. नंतरच तो रुजतो आणि भर हिवाळ्यात गुहेत जेमतेम अर्ध्या किलोची पिल्ले जन्मतात. चरबी अपुरी असेल तर पिल्ले होतच नाहीत, म्हणून ऑगस्टमध्ये नदीत किती मासे आले यावर जानेवारीत गुहेत किती पिल्ले जन्मतील हे अवलंबून राहते.

आणि नदीत किती मासे येऊ द्यायचे हे माणूस ठरवितो. ब्रिस्टल उपसागराच्या नद्यांवर मत्स्यखात्याने मनोरे उभारले आहेत. त्यांवर बसून मोजणीदार दर तासाला दहा मिनिटे वर जाणारे मासे मोजतात, आणि त्या हिशेबावर खाली समुद्रात मासेमारी सुरू ठेवायची की थांबवायची याचा हुकूम निघतो. ही पद्धत मला अत्यंत आदरणीय वाटते. तिच्यामुळेच मासा टिकला. त्याच नद्यांच्या उगमाशी काढावयाच्या पेबल या तांबे-सोन्याच्या खाणीला २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेने प्रतिबंध केला, हेही योग्यच झाले. तथापि मोजणीमागचे उद्दिष्ट अजून मुख्यतः पुढील वर्षांच्या मासेमारीसाठी पुरेसे बीज राखण्याचे आहे. २०१२ साली टाल लेवी व सहकाऱ्यांनी अस्वलांची घनता हेच परिमाण धरून मासेमारीचा लाभ आणि अरण्याचा लाभ यांचा एकत्र हिशेब मांडून दाखविला, तेव्हा असा हिशेब अशक्य आहे ही सबब उरलेली नाही. मच्छीमारांचा वाटा आणि बीजाचा वाटा या दोन रकान्यांशेजारी अस्वलाच्या, म्हणजेच अरण्याच्या, वाट्याचा तिसरा रकाना मत्स्यखात्याच्या दप्तरात आखला गेला पाहिजे, आणि हंगामाच्या प्रारंभी तो सर्वांआधी भरला गेला पाहिजे.