सिस्टर, सही कोणाची?

मोरा बंदरात ओहोटी लागली की लाँच धक्क्याला लागत नाही, हे उरणकरांच्या अंगवळणी पडले आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, लोकलही उरणला पोचली आणि मुंबई अंगणात आली. पण याच तालुक्यातल्या घारापुरी बेटावरून रात्री पेशंट हलवायचा तर आजही होडीच काढावी लागते. पेशंट आणि डॉक्टर यांच्यामध्ये खाडी, डोंगर किंवा नुसती रात्र उभी असली, की निर्णय नर्सला घ्यावा लागतो.

तो ती कोणाच्या अधिकारात घेते? 'डॉक्टरांनी फोनवर सांगितलं,' हे नेहमीचे उत्तर. बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला ते ऐकून धडकी भरते. शाखाधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने किती रकमेचे कर्ज द्यावे आणि कुठून पुढे वरच्या कार्यालयाला विचारावे, हे आमच्याकडे लेखी असे. साहेब फोनवर 'द्या हो' म्हणाले, तरी कागद येईपर्यंत आम्ही थांबत असू. कारण खाते बुडाले की तो फोन कोणालाच आठवत नाही! तिथे प्रश्न पैशांचा होता, इथे जिवाचा आहे.

अमेरिकेत १९६५ साली लॉरेटा फोर्ड या परिचारिका आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी कोलोरॅडो विद्यापीठात 'नर्स प्रॅक्टिशनर'चे शिक्षण सुरू केले. मुलांना तपासायला डॉक्टर अपुरे पडत, ही अडचण होती. पुढे अनेक राज्यांनी अशी नर्स आणि डॉक्टर यांच्यात लेखी करार सक्तीचा केला. तिने कोणते आजार पाहावेत, कोणती औषधे द्यावीत, डॉक्टरांना कधी बोलवावे, त्यांनी तिचे केसपेपर कधी तपासावेत, हे त्यात लिहायचे. काही ठिकाणी मात्र डॉक्टर सहीची फी घेऊ लागले आणि केसपेपरकडे बघेनात. आज निम्म्याहून अधिक राज्यांनी ही सक्ती काढली आहे. सही आहे पण नजर नाही, असा कागद म्हणजे नुसता शिक्का.

आपल्याकडे कागद अगदीच नाहीत असे नाही. प्रसूतीनंतर रक्तस्राव झाला किंवा गरोदरपणी झटके आले, तर नर्सबाईंनी ठरावीक औषधाचा पहिला डोस देऊन बाईला पुढे पाठवावे, अशी मुभा २००५ पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. २०१४ मध्ये तान्ह्या बाळाच्या जंतुसंसर्गावर विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन टोचण्याचीही मुभा मिळाली. हे धाडस त्याआधीच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी करून दाखवले होते. थोडेफार शिकलेल्या गावच्या बायांना त्यांनी बाळ तपासायला आणि गरज पडल्यास इंजेक्शन द्यायला शिकवले. ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या घरात आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने तो अभ्यास छापला. त्या बायांना शिकवणारे आणि त्यांचे काम तपासत राहणारे कोणीतरी मागे उभे होते, हे त्यातले मर्म.

२०१९ च्या वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ ने डॉक्टर नसलेल्यांना मर्यादित परवान्याची तरतूद केली, तेव्हा डॉक्टरांनी संप केला. यातून भोंदू वैद्यांना रान मोकळे होईल, ही त्यांची भीती अनाठायी नव्हती. पण भोंदू आणि शिकलेली सिस्टर यांच्यातली रेघ तोंडी कशी आखणार?

दिल्लीच्या सूचना ठीकच. पण ही सिस्टर आणि हे डॉक्टर, यांच्यात काय ठरले आहे? उपकेंद्राच्या भिंतीवर साध्या मराठीत एक पान असावे: सिस्टर काय करतील, काय करणार नाहीत, डॉक्टरांनी फोन उचलला नाही तर कोणाला विचारायचे. खाली दोघांच्या सह्या, आणि दरमहा डॉक्टरांनी वही तपासल्याची तारीख. काही बिनसले तर त्या पानामुळे सिस्टर एकटी पडणार नाही, आणि डॉक्टरांवर भलताच आरोपही येणार नाही.

घरच्या माणसांनीही एक सवय लावून घ्यावी. पेशंट दाखल करताना आपण खोलीचे भाडे विचारतो. त्याबरोबर हेही विचारावे: रात्री डॉक्टर कोण असतात, आणि ते नसताना सिस्टरना काय करायची परवानगी आहे? उत्तर तोंडी मिळाले, तर 'कुठे लिहिलंय का हो?' एवढे विचारायला संकोच वाटू देऊ नये.