जुन्या गाडीचे डोळे

कवीने मोटारीच्या दिव्यांवर बोलावं, याचं आकाशवाणीतल्या मित्रांनाही हसू आलं होतं. चांदण्यावर बोला, म्हणाले. पण चांदण्यात कविता होते, गाडी चालवता येत नाही. हे मला डिसेंबर २०२३ मधल्या एका रात्री नीट कळलं, म्हणून हा विषय मी मागून घेतला.

माझ्याकडे १९९६ सालची मारुती ८०० आहे. अब्बांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. पंधरा वर्षांनंतर तिची पुन्हा नोंदणी केली, दर पाच वर्षांनी पासिंग करून आणतो. मुलं म्हणतात, विकून टाका. माझं उत्तर ठरलेलं असतं, की इंजिन खणखणीत आहे. इंजिन होतंच खणखणीत. आंधळी झाली होती ती गाडी, आणि हळूहळू आंधळी झाल्यामुळे मला ते कळलं नव्हतं.

त्या रात्री आष्ट्याचं कविसंमेलन आटोपून आम्ही सांगलीमार्गे मिरजेला परत येत होतो. शेजारी पत्नी होती. ऊस हंगाम ऐन भरात. तुंग ओलांडलं आणि समोरून एक गाडी आली, पांढरेशुभ्र दिवे, अप्परवरच. डिपर मारून पाहिला, उपयोग झाला नाही. डोळे दिपले. ती गाडी निघून गेली आणि पुढचे दोनतीन क्षण मला फक्त काळोख दिसला. त्या काळोखात पत्नी ओरडली. समोर, रस्त्यात, उसाने भरलेली बैलगाडी उभी होती. मी स्टिअरिंग डावीकडे मारलं. चाकं साइडपट्टीवर घसरली आणि उसाचं वाढं माझ्या बाजूच्या काचेवर फरफटत गेलं.

खाली उतरलो तेव्हा पाय थरथरत होते. गाडीवान बीडकडचा ऊसतोड मजूर. सुटलेली दोरी बांधायला थांबला होता. वर मोळ्यांवर त्याची बायको आणि कुंचीत गुंडाळलेलं एक मूल झोपलं होतं. गाडीच्या मागे एक रिफ्लेक्टर ठोकलेला होता, पण त्यावर वाढं लोंबत होतं. मी तावातावाने म्हणालो, "मागं काही दिवाबत्ती नको का?" त्याने माझ्या गाडीकडे पाहिलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "साहेब, तुमी लाइट लावली नव्हती का?"

लाइट लावलेली होती. ती त्याला दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी घेऊन आमच्या भागातल्या वायरमनकडे गेलो. म्हटलं, दुप्पट ताकदीचे बल्ब बसव. तो म्हणाला, "सर, बल्ब नंतर. आधी मीटर लावू द्या." इंजिन चालू ठेवून त्याने बॅटरीच्या टोकांवर मीटर लावला. १३.८ व्होल्ट. मग हेडलाइट लावून बल्बच्या होल्डरपाशी लावला. ११.६. म्हणजे दोन व्होल्टहून जास्त वीज वाटेतच कुठेतरी खर्च होत होती.

दोन व्होल्टचं एवढं काय, असं मलाही वाटलं. पण हॅलोजन बल्बचा हिशेब सरळ नसतो. तारेला मिळणारं व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं तर उजेड दहा टक्क्यांनी नव्हे, सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. माझ्या बल्बांना जे मिळत होतं त्यात उजेड जवळजवळ निम्म्यावर आला होता. शिवाय तार पुरेशी तापत नाही, म्हणून तो पिवळा, आजारी दिसतो.

वीज वाटेत जाते कुठे? आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत दिव्यांचा सगळा प्रवाह स्टिअरिंगखालच्या स्विचमधून फिरून येतो. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे नऊ अँपिअरच्या घरातला प्रवाह. तो बारीक वायरीतून, स्विचच्या झिजलेल्या संपर्कातून, हिरवट चढलेल्या कनेक्टरांतून आणि शेवटी गंजलेल्या अर्थमधून जातो. प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी जकात कापली जाते. स्विच हाताला गरम लागत असेल, तर तुमचा उजेड तिथे जळतो आहे असं समजा.

यावरचा उपाय म्हणजे रिले. काडेपेटीहूनही लहान असा एक डबा. त्यात एक विद्युतचुंबक असतो. जुन्या स्विचने त्या चुंबकाला नुसती खूण करायची, त्याला अगदी थोडा प्रवाह पुरतो. चुंबक आतली पट्टी ओढतो आणि दिव्यांचा मोठा प्रवाह बॅटरीपासून थेट, जाड वायरीतून दिव्याकडे जातो. कारखान्याच्या चेअरमनने मोळ्या स्वतःच्या खांद्यावर वाहायच्या नसतात, घंटी वाजवायची असते, तसंच हे. डिपरला एक आणि अप्परला एक असे दोन रिले लागतात. बॅटरीजवळ फ्यूज हवाच, कारण ही जाड वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर गाडी पेटू शकते. दिव्यांची अर्थही नवी, स्वच्छ घासलेल्या पत्र्यावर घ्यायची. काही गाड्यांत स्विच बॅटरीच्या बाजूला नसून अर्थच्या बाजूला असतो, म्हणून घरी प्रयोग करण्यापेक्षा जाणत्या वायरमनकडून करून घेतलेलं बरं. माझं काम दोन तासांत झालं. खर्च हजाराच्या आतबाहेर. नंतर होल्डरपाशी मीटरने १३.४ दाखवले. बल्ब अजून जुनेच होते, तरी दुकानासमोरच्या भिंतीवर चुना मारल्यासारखं वाटलं.

मग दिव्याचा आतला आरसा, म्हणजे रिफ्लेक्टर. मागचं रबर फाटल्यामुळे आत धूळ आणि ओल शिरली होती, चकाकी जाऊन तो जस्ताच्या ताटलीसारखा झाला होता. हा फडक्याने पुसून उजळत नाही, उलट चकाकीचा पातळ थर निघून येतो. दिवाच बदलला. नव्या गाड्यांच्या दिव्यांवर काचेऐवजी प्लॅस्टिक असतं, ते उन्हाने पिवळं पडतं. ते पॉलिश करून घेता येतं, पण वरून संरक्षक लेप दिला नाही तर पुन्हा पिवळं पडतं.

आता दुप्पट ताकदीच्या बल्बविषयी, कारण बहुतेक जण माझ्यासारखे तिथूनच सुरुवात करतात. या गाडीला एच-४ जातीचा ६०/५५ वॅटचा बल्ब असतो. बाजारात १००/९० वॅटचेही मिळतात. ते जुन्या वायरिंगवर लावले तर होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो, आणि नियमातही ते बसत नाहीत. निळसर काचेचे बल्ब दिसायला झोकदार, पण तो निळा रंग उजेडाला गाळणी लावतो. बाहेर कमीच येतो.

एलईडीचं प्रकरण जरा समजून घेण्यासारखं आहे. एच-४ बल्ब हातात धरून पाहा. आत दोन तारा दिसतील. त्यांतल्या डिपरच्या तारेखाली एक चिमुकली धातूची वाटी असते. सारी करामत त्या वाटीची. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि तो खाली, रस्त्यावर टाकला जातो. तार मिलिमीटरभर सरकली तरी हा हिशेब बिघडतो. एलईडीमध्ये तारेच्या जागी चकत्या असतात. त्यांचा आकार वेगळा, जागा तंतोतंत जुळत नाही. मग उजेड वरही उधळतो, समोरच्याच्या डोळ्यांत. चालवणाऱ्याला मात्र गाडीपुढचे दहा-पंधरा मीटर लख्ख दिसतात आणि तो खूश होतो. जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतं. मूळचे एलईडीसाठीच बनवलेले दिवे उत्तम असतात. हॅलोजनच्या घरात भाडेकरू म्हणून घुसवलेल्या एलईडीबद्दल मी बोलतो आहे. तुंगजवळ माझे डोळे दिपवणारा कोण होता ते मला माहीत नाही, पण मीही त्या सकाळी तसाच व्हायला निघालो होतो.

शेवटचं काम फुकटचं असूनही कुणी करत नाही, ते म्हणजे दिव्यांची दिशा लावणं. सपाट जागा आणि समोर भिंत हवी. टायरांत हवा बरोबर, चालकाच्या जागी माणूस बसलेला. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने काढायची. गाडी दहा मीटर मागे घेतल्यावर डिपरची वरची कड त्या रेघेच्या दहा सेंटीमीटर खाली दिसली पाहिजे. आपण डावीकडून चालतो, म्हणून ही कड डाव्या अंगाला थोडी वर चढलेली असते. ती उजवीकडे चढत असेल, तर दिवा उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी बनवलेला आहे, परत करा.

या दहा सेंटीमीटरांत आणखी एक हिशेब दडलेला आहे. दिवा जमिनीपासून साठ सेंटीमीटरवर असेल, तर हा किरण साठ मीटरांवर रस्त्याला टेकतो. डिपरची पोच तेवढीच, दिवे कितीही चांगले केले तरी. ताशी साठच्या वेगाने जाताना अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत पंचवीस मीटर जातात, आणि थांबेपर्यंत साधारण तेवढेच आणखी. म्हणजे पन्नासात थांबता येतं. ऐंशीच्या वेगाला पाऊणशेहून जास्त लागतात. तेव्हा बैलगाडी दिसते, पण ती चुकवता येत नाही. त्या रात्री माझा वेग साठच होता, पण आजारी दिव्यांत मला साठातले निम्मे मीटरही दिसत नव्हते.

समोरची काच आतून पुसायची राहून जाते. तिच्यावर धुरकट थर बसतो आणि समोरचा प्रत्येक दिवा त्यावर पसरतो. ओलसर करून जुन्या वर्तमानपत्राने पुसा. रविवारची पुरवणीही चालेल, वाचून झाल्यावर.

एवढं सगळं करूनही अंधारात मला थोडं धूसरच दिसायचं, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलं, वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या मानाने तिसरा हिस्साच उजेड पोहोचतो. शिवाय मला मोतिबिंदूची सुरुवात आहे, दिपण्याचा त्रास त्यामुळेही होतो. शस्त्रक्रिया करायची ठरली आहे. तोवर संध्याकाळच्या संमेलनांत निवेदकाला विनंती करून माझी कविता आधी लावून घेतो. ज्येष्ठांचा क्रमांक शेवटी असतो, त्यामुळे मला पहिल्या फेरीत नवोदितांबरोबर बसावं लागतं. परवा एका मुलीने मला विचारलं, "सर, तुमचं पहिलंच संमेलन का?"