मालखान्यातले एकशे तीन तोळे

1947 सालच्या सप्टेंबरात, फाळणीची धामधूम चालू असताना, अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार सोनेचांदी विकण्याच्या हेतूने मीरतला उतरला आणि मध्यरात्रीच्या सुमारास तेथील चौपला बाजारातून जात असता पोलिसांनी त्यास हटकून, झडती घेऊन, मालासकट कोठडीत घातले. दुसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटला, यथाकाल चांदीही परत मिळाली. परंतु 103 तोळे 6 मासे 1 गुंज इतके सोने काही परत आले नाही, कारण मालखाना ज्या हेड कॉन्स्टेबलच्या हवाली होता तो त्या सोन्यासह पाकिस्तानात पसार झाला होता.

पेढीने उत्तर प्रदेश सरकारवर दिवाणी दावा लावला. कस्तुरीलाल खटला म्हणून वकीलवर्गाला परिचित असलेले हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि मुद्देमालाची राखण करण्यात पोलिसांनी हलगर्जीपणा केला हे त्या न्यायालयाने मान्यही केले. तरी 1964 साली, साताऱ्यात जन्मलेले सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या पीठाने निवाडा दिला तो सरकारच्या बाजूने. अटक, झडती आणि जप्ती हे राज्याच्या सार्वभौम सत्तेचे व्यापार असून त्यांत नोकराने केलेल्या कसुरीची भरपाई सरकारकडून मागता येत नाही, असा त्याचा आशय होता.

या तत्त्वाचे मूळ ब्रिटिश अमदानीत आहे. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीत सरकारी मजुरांच्या हातून लोखंडाचा एक अवजड तुकडा खाली पडला, त्या खणखणाटाने गाडीचा घोडा बुजून जखमी झाला, आणि 1861 साली मुख्य न्यायाधीश पीकॉक यांनी घोड्याच्या मालकास भरपाई देवविली. गोदी चालविणे हा खाजगी माणसालाही करता येण्याजोगा उद्योग आहे, राज्यसत्तेचा व्यापार नव्हे, हे त्यामागचे कारण. तोच भेद संविधानाच्या 300व्या अनुच्छेदाच्या आडोशाने स्वतंत्र भारतात टिकला. घोड्याच्या जखमेला मोल मिळाले आणि नागरिकाचे सोने मात्र बुडाले, ही विसंगती गजेंद्रगडकरांसारख्या विद्वानास दिसली नसेल असे म्हणवत नाही. हे क्षेत्र विधिमंडळाने कायदा करून सावरावे, अशी सूचना त्यांनी त्याच निवाड्यात करून ठेवली.

विधिमंडळ हलले नाही; हलले ते न्यायालयच. बिहारमध्ये 1968 साली निर्दोष ठरलेला एक कैदी मुझफ्फरपूरच्या तुरुंगात त्यानंतर 14 वर्षे खितपत पडला होता. 1983 साली, मूळचे पुण्याचे असलेले सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी रुदल शाह या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या प्रकरणात, सुटकेचा हुकूम देण्यापुरता 32वा अनुच्छेद वापरून थांबणे म्हणजे मूलभूत हक्काला कागदी ठरविणे होय, अशा जाणिवेने 35,000 रुपयांची भरपाई देवविली. रक्कम तुटपुंजी होती. पायंडा मोठा होता. पुढे 1993 साली ओरिसातील नीलावती बेहेरा खटल्यात, पोलीस चौकीत नेलेल्या मुलाचा जखमांनी भरलेला मृतदेह रेल्वेमार्गावर पाहण्याची पाळी आलेल्या आईस दीड लाख रुपये देवविताना, मूलभूत हक्कांच्या भंगापुढे सार्वभौम सत्तेची ही ढाल चालत नाही, असे न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले.

मात्र हे सर्व पैसे सरकारी खजिन्यातून, म्हणजे अखेरीस तुमच्याआमच्या करातून जातात. ज्याने मारले त्या अंमलदाराच्या पगारातून एक दमडीही आपोआप कापली जात नाही. त्याच्यावर फौजदारी खटला चालवावयाचा तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 197वे कलम आड येई, ज्यान्वये सरकारच्या मंजुरीवाचून कर्तव्याच्या ओघात घडलेल्या कृत्याबद्दल खटला भरता येत नसे. कोठडीतील मारहाण हे कर्तव्यच नव्हे, तेव्हा मंजुरीचा प्रश्न उद्भवत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सांगितले खरे, पण कृत्य कर्तव्यातले की त्याबाहेरचे या वादातच फिर्यादीची वर्षे निघून जातात. जुलै 2024पासून अमलात आलेल्या नव्या संहितेत हीच तरतूद 218व्या कलमात उतरली आहे. फरक इतकाच, की सरकारने 120 दिवसांत निर्णय न दिल्यास मंजुरी मिळाली असे आता मानले जाईल. ही सुधारणा मला मोलाची वाटते, कारण आजवर नकारापेक्षा मौनानेच अधिक प्रकरणे गारद झाली असावीत.

सरकारच्या दिवाणी जबाबदारीचे विधेयक 1967 साली लोकसभेत मांडले गेले आणि पुढे बारगळले. गजेंद्रगडकरांनी मागितलेला तो कायदा आजतागायत झालेला नाही.